मेडिकल कॉलेजातल्या ब्लॅक डॉक्टर बायका: फाईली लावता लावता दिसलेलं

मनवा
मंडळी, बरेच दिवस हे मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. लांबेल बहुतेक, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात इथे अमेरिकेत एकांकडे सत्यनारायणाला गेलो होतो. जेवणं झाली आणि मुलांच्या ॲडमिशनवरून विषय निघाला. मग ते नेहमीचं आलंच, आपल्या पोरांनी जिवाचं रान केलं तरी मेडिकलच्या सीटा "त्यांना" जातात, त्यांना काय सगळं आयतं मिळतं. पुढे एक बाई म्हणाल्या, डॉक्टर ब्लॅक असेल तर मी अपॉइंटमेंटच बदलून घेते, कशी पास झालीये कुणास ठाऊक. मी तिथे गप्प बसले आणि गप्प बसले ह्याचाच अजून राग येतोय.

कारण मी गेली ११ वर्षं इथल्या एका मेडिकल कॉलेजच्या फॅकल्टी ऑफिसात आहे. डॉक्टर प्राध्यापकांच्या प्रमोशनच्या फाईली लावणं हे माझं काम, त्यामुळे कुणाला काय आयतं मिळतं ते मी कागदावर बघते. कॉलेजचं नाव, गाव काही सांगणार नाही, आणि माणसांचे तपशील थोडे बदललेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इथे मेडिकल कॉलेजात नुसतं चांगला डॉक्टर असून भागत नाही. इन्स्ट्रक्टर, असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट, मग फुल प्रोफेसर अशा पायऱ्या असतात आणि दर पायरीला एक फाईल जाते. पेपर किती आणि कुठे छापले, ग्रँट म्हणजे संशोधनाचे पैसे किती आणले, शिकवलं किती, पेशंट किती बघितले, शिवाय बाहेरच्या कॉलेजांतल्या पाच-सहा मोठ्या लोकांची पत्रं, ती पण अशांची ज्यांनी तुमच्याबरोबर कधी काम केलेलं नाही पण तुमचं नाव ऐकून आहेत. म्हणजे तुमचं नाव आधी कुणीतरी चार ठिकाणी घेतलेलं पाहिजे, कॉन्फरन्सला बोलवायला सांगितलेलं पाहिजे, स्वतःच्या पेपरात दुसरं-तिसरं नाव घातलेलं पाहिजे. हे "कुणीतरी" म्हणजे मेंटॉर. सीव्ही चाळताना मेंटॉर लगेच दिसतो, पहिल्या दोन वर्षांत. काहींचं जॉइन होऊन सहा महिने होत नाहीत तोवर बॉसबरोबर दोन पेपर असतात. काहींच्या त्याच जागी कागद कोरा असतो.

आमच्याकडे एक होत्या, त्यांना मी डॉ. एम म्हणते. स्त्रीरोग विभागात, चाळिशीच्या, ब्लॅक. त्यांची असोसिएट प्रोफेसरची फाईल मीच लावली. सीव्ही ४१ पानी, त्यातली १४ पानं "सर्व्हिस" ह्या मथळ्याखाली. ॲडमिशनचे इंटरव्ह्यू, नवीन माणूस घ्यायची प्रत्येक कमिटी, कारण प्रत्येक कमिटीत एक तरी ब्लॅक मेंबर हवा आणि त्या विभागात होत्या ह्या एकट्याच. डायव्हर्सिटी कौन्सिल, विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या सल्लागार, चर्चमधल्या आरोग्य शिबिराला वर्षातून सहा रविवार, कॉलेजच्या माहितीपुस्तिकेसाठी फोटो, ह्या सगळ्याला "हो" म्हणलेलं. फोटोसुद्धा तीन वेगवेगळ्या वर्षांच्या पुस्तिकांत होता, मला आठवतं कारण एका पुस्तिकेच्या कव्हरवर त्यांच्या शेजारी जो उभा होता तो त्या वर्षी प्रोफेसर झाला.

सही करायला त्या संध्याकाळी साडेसहाला आल्या, स्क्रबवरच, सकाळपासून दोन सिझेरियन झालेली. दाराबाहेर दोन विद्यार्थिनी थांबलेल्या होत्या, त्यातल्या एकीचे डोळे सुजलेले. डॉ. एमनी सही केली, पेन परत दिलं आणि बाहेर बघून मला हळूच विचारलं, "ह्यांचे तास कुठे लिहायचे?" मी फॉर्म वरखाली करून बघितला. शिकवण्याच्या रकान्यात बसत नव्हते कारण तो कोर्स नाही, मेंटॉरिंगच्या रकान्यात फक्त ज्यांनी तुमच्या हाताखाली पेपर लिहिला त्यांचीच नावं चालतात. रकानाच नव्हता. त्या "बरं" म्हणाल्या आणि त्या मुलींना घेऊन गेल्या.

फाईल परत आली. सर्व्हिसचं कौतुक एका ओळीत आणि "संशोधन अजून पुरेसं नाही, दोन वर्षांनी पुन्हा विचार करावा" असं तीन परिच्छेदांत.

संख्येने कमी असलेल्यांवर पडणारा हा न मोजलेल्या कामाचा जादा बोजा, ह्याला इथे मायनॉरिटी टॅक्स म्हणतात. शब्द माझा नाही, २०१५ साली ह्या नावाने पेपर आलाय आणि मेडिकल कॉलेजांत तो आता सगळ्यांना माहितीये. पण आपल्या लोकांत ह्यावर कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी ह्या क्षेत्रात असाल तर प्लीज लिहा.

कौस्तुभ_एनजे
मनवाताई, लेख आवडला पण एक शंका आहे, राग मानू नका. काम सगळ्यांनाच असतं. माझी बायको आयटीत आहे, तिलाही दिवाळीचा कार्यक्रम तूच कर म्हणून गळ्यात मारतात. नाही म्हणायला शिकावं लागतं. त्या डॉक्टरांना कुणी जबरदस्ती तर केली नव्हती ना? आणि सीटांचं म्हणाल तर कोटा असतो हे तर खरंय.

मनवा
कौस्तुभ, राग नाही, विचारलंत ते बरं झालं. आधी कोट्याचं. अमेरिकेत वंशाप्रमाणे सीटा राखून ठेवणं १९७८ पासून बंद आहे, आणि ती केस एका मेडिकल कॉलेजचीच होती. कॅलिफोर्नियात डेव्हिसला १०० पैकी १६ जागा राखीव होत्या, बकी नावाच्या गोऱ्या अर्जदाराने दावा लावला आणि सुप्रीम कोर्टाने तो कोटा उडवला. त्यानंतर वंश हा अनेक गोष्टींपैकी एक म्हणून बघता यायचा, २०२३ च्या जूनमध्ये तेही गेलं. आणि एवढं सगळं असताना झालं काय? लोकसंख्येत ब्लॅक लोक १३-१४ टक्के, डॉक्टरांमध्ये पाच-सहा टक्के, ब्लॅक बायका सगळ्या डॉक्टरांच्या जेमतेम तीन टक्के. प्राध्यापकांत तर ब्लॅक स्त्री-पुरुष मिळून चारेक टक्के, आणि वरच्या पायरीकडे जाल तसा आकडा अजून बारीक होतो. सत्यनारायणाला ज्या सीटांवरून एवढं बोलणं झालं त्या गेल्या कुठे मग?

आता नाही म्हणण्याचं. त्या मुली दाराबाहेर उभ्या होत्या. शंभरावर मुलांच्या वर्गात पाच-सात ब्लॅक मुली, कुणाला राउंडवर पेशंटने "जेवणाचा ट्रे घेऊन जा" म्हणून सांगितलेलं, कुणाला इव्हॅल्युएशनमध्ये "आत्मविश्वास जास्त, जरा ॲग्रेसिव्ह" असं लिहून आलेलं. डॉ. एम नाही म्हणाल्या असत्या तर त्या कुणाकडे गेल्या असत्या? दिवाळीचा कार्यक्रम नाही केला तर कुणाचं शिक्षण सुटत नाही हो.

वैनगंगा
मी चंद्रपूरकडची, लहान मुलांची डॉक्टर, सरकारी दवाखान्यात. अमेरिकेत कधी गेले नाही पण ह्या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

आमच्याकडे सिकलसेलची, म्हणजे रक्तपेशींच्या त्या जन्मजात आजाराची, पोरं किती येतात ते विदर्भातल्यांना सांगायला नको, गडचिरोलीकडून येतात, वर नंदुरबारकडेही तेच. लहान बाळाला सिकल निघाला की आम्ही रोजचं पेनिसिलिन सुरू करतो, आईला सांगतो की पाच वर्षांचं होईपर्यंत एकही दिवस चुकवायचं नाही. हे आम्ही इतकं सवयीने लिहितो की ते कुठून आलं ह्याचा विचारच केला नव्हता. पीजीला असताना जर्नल क्लबला तो मूळ पेपर माझ्या वाट्याला आला. १९८६ सालचा, २१५ मुलं, निम्म्यांना पेनिसिलिन आणि निम्म्यांना खोटी गोळी, आणि पेनिसिलिनवाल्यांत जीवघेणं इन्फेक्शन ८४ टक्क्यांनी कमी. फरक इतका स्वच्छ होता की ट्रायल आठ महिने आधीच थांबवली, म्हणजे खोटी गोळी मिळणाऱ्या मुलांनाही औषध देता यावं. पहिलं नाव मेरिलिन गॅस्टन. मी नाव शोधलं तर ब्लॅक बाई. सिनसिनाटीच्या गरीब घरातली. शाळेत सांगितलेलं की तू गरीब, तू काळी, वर मुलगी, डॉक्टरकीचं डोक्यातून काढ. वर्गात एकटी ब्लॅक मुलगी म्हणून १९६४ ला एमडी झाली. इंटर्न असताना फिलाडेल्फियात रात्री एक बाळ आलं, हात सुजलेला, हिला वाटलं पडलंबिडलं असेल, वरिष्ठ म्हणाले सिकल तपास. तो निघाला. आपल्याला हे सुचलं नाही ही गोष्ट तिला इतकी लागली की पुढचं आयुष्य त्यातच घातलं. त्या पेपरनंतर अमेरिकेत जन्मल्या जन्मल्या बाळांची सिकल तपासणी करायची पद्धत रुळली.

आणि दुसरं, जे मला जास्त लागलं. अलेक्सा कॅनडी म्हणून न्यूरोसर्जन आहेत, त्या शाखेतल्या अमेरिकेतल्या पहिल्या ब्लॅक बाई. येलच्या हॉस्पिटलात इंटर्नशिपचा पहिला दिवस, त्या पेशंट बघतायत, आणि एक वरिष्ठ प्रशासक जाता जाता म्हणाला, अच्छा, म्हणजे आमचं ह्या वेळचं समान संधीवालं पॅकेज तूच का.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटवून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मी राखीव जागेवरून शिकले. एमबीबीएसच्या पहिल्या आठवड्यात हॉस्टेलच्या मेसमध्ये रँक विचारायचे, रँक सांगितली की पुढचं कुणी विचारायचं नाही, नुसतं एकमेकांकडे बघायचे. नंतर पीजीला एका सरांनी राउंडवर सगळ्यांदेखत मला म्हणलं होतं, तुम्हाला काय, तुमच्यासाठी सरकार आहे. त्या दिवशी मी वॉर्डातल्या एका सव्वा किलोच्या बाळाला पहिल्या झटक्यात सलाईनची शीर शोधून दिली होती, जी दोन जणांना सापडली नव्हती. ते कुणाला आठवलं नाही.

कॅनडीबाई पुढे डेट्रॉइटच्या मुलांच्या हॉस्पिटलात १९८७ ते २००१ न्यूरोसर्जरीच्या प्रमुख होत्या. एवढी वर्षं एवढ्या पोरांची डोकी उघडून बरी केली, तरी लेखांत पहिल्यांदा ते पॅकेजच येतं. मीपण तेच आधी लिहिलं बघा.

इतिहासवेडी
वैनगंगा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

ह्या विषयाशी आपला एक फार जुना धागा आहे तो सांगते. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये ज्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या, फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया, तिथून १८६७ मध्येच रिबेका कोल नावाची ब्लॅक मुलगी डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. १८७८ ला कॅरोलिन स्टिल अँडरसन. आनंदीबाईंच्या नंतर पाच वर्षांनी, १८९१ ला, हॅली टॅनर डिलन. ही हॅली शिकून अलाबामात गेली, टस्कीगीला, ब्लॅक नेते बुकर टी. वॉशिंग्टनांच्या शिक्षणसंस्थेत डॉक्टर म्हणून, आणि त्यासाठी राज्याची परीक्षा दहा दिवस दिली. अलाबामात ती परीक्षा पास होणारी ती पहिली बाई, गोऱ्या बायकांच्याही आधी. आपण आनंदीबाईंचा तो नऊवारीतला फोटो, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली ह्यांच्याबरोबरचा, किती वेळा शेअर केलाय. त्याच जिन्यावरून चढलेल्या ह्या ब्लॅक मुलींची नावं मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हती.

आणि ह्या सगळ्यांच्या आधीची रिबेका ली क्रम्पलर, १८६४, बोस्टन, पहिली ब्लॅक स्त्री डॉक्टर. यादवी युद्ध संपल्यावर ती रिचमंडला गेली, नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या लोकांवर उपचार करायला. १८८३ ला तिने आया आणि नर्सेससाठी बायका-मुलांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. तिचा एकही फोटो आज उपलब्ध नाही. नेटवर तिच्या नावाने जे फिरतात ते दुसऱ्याच बायकांचे आहेत, म्हणून कुणी शेअर करणार असाल तर करू नका.

तिकडच्या गुलामीविरुद्ध लढणाऱ्यांना जोतीरावांनी १८७३ मध्ये आपलं "गुलामगिरी" हे पुस्तक अर्पण केलं, तेव्हा क्रम्पलरबाई डॉक्टर होऊन नऊ वर्षं झाली होती. पुण्यातून त्या लढ्याकडे तेव्हा लक्ष होतं, आणि आज तिकडे राहणारे आपले लोक अपॉइंटमेंट बदलून घेतात, हे वाचून कसंतरी झालं.

हार्लेमचा_पाटील
मी ब्याण्णव साली न्यूयॉर्कला रेसिडेन्सीला, म्हणजे डॉक्टर झाल्यावरच्या हॉस्पिटलातल्या ट्रेनिंगला, आलो, सिटी हॉस्पिटल, नाव नको. मिरजेचा माणूस, इंग्रजी पुस्तकी, थंडीचे बूट नाहीत, पहिल्या महिन्यात रडकुंडीला आलेलो. आमची चीफ रेसिडेंट ब्लॅक होती. तिने मला एक गोष्ट शिकवली, नोट लिहिताना पेशंटने काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत आधी लिही, तुझं मत खाली. "पेशंट दुखत असल्याचा दावा करतो" असं कुणी लिहिलं की ती ते पान उघडं धरून विचारायची, दावा म्हणजे काय, कोर्टात आलाय का तो? मी आजही तसंच शिकवतो.

तिच्या बॅजवर डॉक्टर हा शब्द लाल पट्टीवर मोठ्या अक्षरात होता आणि तो ती उलटा फिरू नये म्हणून दोन क्लिपा लावायची. तरी लोक तिला नर्स समजायचे, सफाईवाली समजायचे आणि मागे उभ्या असलेल्या मला, ज्याला अजून सबवेचा नकाशा कळत नव्हता, डॉक्टर म्हणायचे. मी सुरुवातीला दुरुस्तसुद्धा करायचो नाही. ते आठवलं की आजही अपराधी वाटतं.

आपण लोक इथे आलो कसे ते पण सांगतो कारण पार्ट्यांत हे कुणी सांगत नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा ब्लॅक लोकांनी मार खाऊन, तुरुंगात जाऊन मिळवला. त्याच हवेत १९६५ चा इमिग्रेशन कायदा झाला, देशाप्रमाणे लावलेले जुने कोटे गेले, आणि भारतातल्या डॉक्टरांना दार उघडलं. १९६६ च्या जुलैत मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, सुरू झालं तेव्हा सरकारने हॉस्पिटलांना सांगितलं की काळ्या-गोऱ्यांचे वेगळे वॉर्ड ठेवाल तर पैसे मिळणार नाहीत, आणि काही महिन्यांत हजारावर हॉस्पिटलांनी वॉर्ड एक केले. आपल्या आधीच्या पिढीतले काका-मामा जे इथे स्थिरावले ते ह्या उघडलेल्या दारातून. दार ढकललं त्यांनी आणि आत आलो आपण.

आता जेन राइट बद्दल लिहायलाच हवं, मी त्यांना बघितलं नाही पण हार्लेमच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या ब्लॅक वस्तीच्या, जुन्या लोकांकडून नाव खूप ऐकलं. वडील लुईस राइट हार्लेम हॉस्पिटलचे नावाजलेले सर्जन. १९४९ ला ती वडिलांच्या कॅन्सर संशोधन केंद्रात आली, १९५२ ला वडील वारले आणि तिने ३३ व्या वर्षी ते केंद्र हातात घेतलं. केमोथेरपी तेव्हा म्हणजे शेवटचा उपाय, मोठे लोक नाक मुरडायचे. ही काय करायची, पेशंटच्याच गाठीचा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत वाढवायची आणि त्यावर औषधं लावून बघायची, म्हणजे ह्या माणसाला कुठलं औषध लागू पडेल त्याचा अंदाज. आज ज्याला आपण पेशंटप्रमाणे उपचार म्हणतो त्याची सुरुवात. मेथोट्रेक्सेट हे औषध स्तनाच्या कॅन्सरवर चालतं हे दाखवणाऱ्यांत ती होती. १९६४ मध्ये कॅन्सरतज्ज्ञांची जी अमेरिकन संघटना सात जणांनी काढली, जिच्या वार्षिक कॉन्फरन्सला टाटा हॉस्पिटलची मंडळीही जातात, त्या सातांत ती एकटी बाई आणि एकटी ब्लॅक. १९६७ ला न्यूयॉर्क मेडिकल कॉलेजला सर्जरीची प्रोफेसर आणि असोसिएट डीन. ब्लॅक बाई डीनच्या खुर्चीवर बसायला मात्र १९९३ उजाडलं, बार्बरा रॉस-ली, ओहायोच्या ऑस्टिओपॅथिक कॉलेजात. २६ वर्षं गेली मध्ये.

कौस्तुभ_एनजे
पाटीलसाहेब, मनवाताई, कोट्याचं माझं चुकलं, बकी केस माहीत नव्हती. पण मग ग्रँट आणि पेपर हे तर नाव-गाव न बघता मिळतं ना? सायन्समध्ये मेरिटच चालतं असं मला अजून वाटतं. माहिती असेल तर सांगा, वाद म्हणून विचारत नाहीये.

मनवा
कौस्तुभ, मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं.

ग्रँटचं उत्तर माझ्या टेबलावरच आहे रोज. एनआयएच, म्हणजे आरोग्य संशोधनाला पैसे देणारी इथली सरकारी संस्था, तिची आर-झिरो-वन म्हणून जी मोठी ग्रँट असते ती मिळाली की प्रमोशन बऱ्यापैकी पक्कं. २०११ साली सायन्स मासिकात अभ्यास आला, त्यात शिक्षण, आधीचे पेपर, कॉलेज सगळं समान धरलं तरी ब्लॅक अर्जदारांना ग्रँट मिळायची शक्यता गोऱ्यांपेक्षा १० टक्के पॉइंटांनी कमी निघाली. खुद्द एनआयएच हादरली. मग २०१९ ला पुढचा अभ्यास झाला आणि त्यात एक कारण सापडलं, विषय. ब्लॅक संशोधक वस्तीतल्या लोकांचं आरोग्य, समाजापर्यंत उपचार पोचवणं असले विषय जास्त घेतात, आणि त्या विषयांना एकूणच ग्रँट कमी मिळते. पेशी आणि रेणूंवरचं काम वरच्या मजल्यावरचं समजतात.

आता हा विषय ते का घेतात बघा. पॅट्रिशिया बाथ, डोळ्यांच्या डॉक्टर, जन्म हार्लेमचा १९४२. शिकताना त्यांना दोन ओपीडी शेजारी शेजारी बघायला मिळाल्या, हार्लेम हॉस्पिटलची आणि कोलंबिया विद्यापीठाची. कोलंबियाला आंधळे पेशंट क्वचित दिसायचे. हार्लेमला निम्म्या लोकांची नजर गेलेली किंवा अधू. दोन्हीकडे डोळे तेच, शहर तेच. हे ज्याला दिसलं तो माणूस रेणूंवर काम करायला जाईल का? त्यांनी वस्तीत जाऊन डोळे तपासण्याची शाखाच उभी केली. पुढे त्या लॉस एंजेलिसला यूसीएलएच्या नेत्रविभागात पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या, तेव्हा त्यांना ऑफिस दिलं तळघरात, प्रयोगाच्या प्राण्यांच्या शेजारी. त्यांनी भांडण केलं नाही, हे योग्य नाही एवढंच सांगितलं आणि दुसरी जागा मिळवली. आणि मोतीबिंदू लेसरने काढायचं जे यंत्र त्यांनी बनवलं, त्याच्या प्रयोगांसाठी त्यांना युरोपात जावं लागलं. पेटंट १९८८ ला मिळालं.

मेरिटचं अजून एक. मेडिकलच्या हुशार मुलांची एक मानाची सोसायटी असते, अल्फा ओमेगा अल्फा, तिचं नाव सीव्हीवर असलं की सर्जरी-बिर्जरीसारख्या रेसिडेन्स्या मिळायला सोपं जातं. २०१७ चा अभ्यास आहे, मार्क वगैरे समान धरूनही गोऱ्या मुलांची त्यात निवड व्हायची शक्यता ब्लॅक मुलांच्या जवळजवळ सहापट. ही ओळ फाईलच्या पहिल्या पानावर येते, कमिटी आधी तीच वाचते.

इतिहासवेडी
ह्यात १९१० चं राहू नये. फ्लेक्सनर रिपोर्ट नावाचा अहवाल आला, मेडिकल कॉलेजांचा दर्जा सुधारा म्हणून. सुधारणा गरजेची होती हे खरं. पण ब्लॅक लोकांची सात कॉलेजं होती त्यातली पाच नंतर बंद पडली, उरली हॉवर्ड आणि मेहॅरी दोनच. बायकांची कॉलेजंही मिटत गेली. म्हणजे ब्लॅक बाईला दोन्ही दारं एकदम लागली. ती पाच कॉलेजं चालली असती तर आजवर किती डॉक्टर झाले असते ह्याचा अंदाज २०२० ला काढला गेला, ३५ हजारांच्या पुढे. एवढे डॉक्टर म्हणजे एवढ्यांच्या मुली, भाच्या, शेजारच्या पोरी पण आल्या त्यात.

वैनगंगा
मनवा, एक विचारायचं होतं. डॉ. एमचं पुढे काय झालं?

मनवा
गेल्या. दोन वर्षं थांबल्या नाहीत. ब्लॅक डॉक्टर घडवणारं एक जुनं कॉलेज आहे दक्षिणेत, तिथे गेल्या, पगार थोडा कमी. जायच्या आदल्या आठवड्यात मी विचारलं की फाईल परत आली म्हणून का. म्हणाल्या, फाईल एक कारण. पण कॉलेजने त्यांच्याकडून बाळंतपणात दगावणाऱ्या ब्लॅक बायकांवर भाषण ठेवलं होतं, मोठा हॉल, त्या स्वतः आकडे सांगत होत्या, २०२१ चे, जन्मलेल्या लाख बाळांमागे ब्लॅक बायका जवळजवळ ७० आणि गोऱ्या २७ च्या आत. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, आणि पहिल्या रांगेतल्या एकांनी हात वर करून विचारलं, तुम्ही इतक्या भावनिक होऊन का बोलता. "मी आकडे वाचत होते, मनवा," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या दारावरची पाटी काढायचं काम आमच्याच ऑफिसकडे आलं. दोन स्क्रू. मी पाटी फेकली नाही, पोस्टाने पाठवली त्यांना.

त्यानंतर मी एक केलं, छोटं आहे. आमच्या फॉर्ममध्ये विद्यार्थ्यांना दिलेल्या तासांसाठी रकाना असावा म्हणून अर्ज टाकला. दोनदा परत आला. तिसऱ्यांदा व्हर्जिनिया विद्यापीठाचं उदाहरण जोडलं. तिथे व्हिव्हियन पिन १९६३ ला मेडिकलला गेल्या, पहिल्या दिवशी वर्गात बघितलं तर बाई कुणी नाही, ब्लॅक कुणी नाही, त्यांना वाटलं बाकीच्यांना उशीर झाला असेल. कुणी आलंच नाही. त्याच पिनबाई १९८२ ला हॉवर्डला पॅथॉलॉजीच्या विभागप्रमुख झाल्या आणि १९९१ ला एनआयएचच्या स्त्री-आरोग्य संशोधन ऑफिसच्या पहिल्या पूर्णवेळ प्रमुख. आणि व्हर्जिनियाने आपल्या मेडिकलच्या एका इमारतीचं नाव बदलून पिन हॉल केलं, आधीचं नाव ज्या डीनचं होतं तो माणसांचे वंश शुद्ध ठेवा म्हणणारा होता. मी अर्जात लिहिलं, इमारतीचं नाव बदलता येतं तर आमच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवता येईल.

ओळ वाढली, मागच्या वसंतात. डॉ. एमना तिचा उपयोग नाही, पण आता आमच्याकडे दुसऱ्या एक आहेत, असिस्टंट प्रोफेसर, फुफ्फुसाच्या डॉक्टर. त्यांच्या त्या रकान्यात ह्या वर्षी २१२ तास भरलेत.

हार्लेमचा_पाटील
मनवा, शाबास. फॉर्मचा नमुना मला पाठवा, आमच्याकडेही मी मागे लागतो.

अनघा_बोस्टन
इतके दिवस नुसती वाचत होते. इतिहासवेडींनी क्रम्पलरबाईंचं लिहिलं म्हणून, मी बोस्टनला राहते, रविवारी मुलीला घेऊन हाइड पार्कच्या फेअरव्ह्यू स्मशानात गेले होते. त्या १८९५ ला वारल्या आणि १२५ वर्षं त्यांच्या थडग्यावर दगडच नव्हता, नवऱ्याच्या, आर्थर क्रम्पलरच्या, थडग्यावरही नव्हता. २०२० ला लोकांनी वर्गणी काढून दोघांचे बसवले, करड्या ग्रॅनाइटचे. कुणीतरी नुकतंच येऊन गेलं होतं, दगडाच्या वर एक जुना स्टेथोस्कोप ठेवलेला, रबर कडक झालेलं. माझी लेक नववीत आहे, ती दगडावरची अक्षरं मोठ्याने वाचत होती आणि मधेच थांबून म्हणाली, आई, फोटो का नाहीये. मी सांगितलं.

मनवा, तुम्ही मागे एका कॉन्फरन्सला ऑक्टोबरमध्ये बोस्टनला येणार म्हणाला होतात ना? येणार असाल तर परत जाऊ.

मनवा
येणार आहे, तिसऱ्या आठवड्यात. डॉ. एमपण येतायत त्याच कॉन्फरन्सला, त्यांना आत्ताच मेसेज केला. शनिवारी सकाळी अकरा चालेल का? त्यांनी विचारलंय फुलं तिथे जवळ मिळतात का.

अनघा_बोस्टन
मिळतात, पण मी घरची शेवंती आणते, तोवर फुललेली असेल. गेटपाशी थांबते, लेकीलाही आणते.